परदेशात पदव्युत्तर शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात मास्टर्स किंवा पीएचडी करायला निघालेल्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं साधारण तेच असतात. उत्तरं मात्र देशानुसार आणि विद्याशाखेनुसार बदलतात, म्हणून खाली जिथे नियम सांगितला आहे तिथे देशाचं नावही दिलं आहे. व्हिसाचे नियम सारखे बदलतात. अर्ज भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा वाचाच.

या पातळीवर मदत बहुतेक ठिकाणी असते, पण ती आपण होऊन दाराशी येत नाही. मागावी लागते, आणि वेळेत मागावी लागते. पुढच्या उत्तरांमध्ये हे पुन्हा पुन्हा येईल, कारण अडकलेले विद्यार्थी बहुधा प्रश्न विचारायला उशीर झाल्यामुळेच अडकलेले असतात.

टॉट मास्टर्स आणि रिसर्च मास्टर्स यांत फरक काय?

टॉट मास्टर्समध्ये वर्ग, असाइनमेंट, परीक्षा आणि शेवटी प्रबंध असतो. ब्रिटनमध्ये ही पदवी १८० क्रेडिटची असते आणि त्यातली साधारण ६० क्रेडिट प्रबंधाची. रिसर्च मास्टर्समध्ये वर्ग नाममात्र असतात. पहिल्या दिवसापासून एका गाईडच्या हाताखाली एकाच विषयावर काम चालतं. अमेरिकेत अनेक विभाग थीसिस (प्रबंधासह) आणि नॉन-थीसिस (प्रबंधाशिवाय) असे दोन मार्ग ठेवतात, ऑस्ट्रेलियात कोर्सवर्क आणि रिसर्च.

पुढे पीएचडी करायची असेल तर प्रबंधाला वजन असलेला अभ्यासक्रम घ्या. पीएचडीच्या अर्जात तुम्ही स्वतः काय शोधलं हे विचारलं जातं आणि नॉन-थीसिस पदवीतून त्याचं उत्तर देणं अवघड जातं. नोकरीसाठी शिकत असाल तर प्रबंधापेक्षा प्रकल्प आणि इंटर्नशिप जास्त कामी येतात. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, हेही लक्षात ठेवा. तिथे पहिली काही वर्षं कोर्सवर्कच असतं. युरोपात पीएचडीआधी बहुधा मास्टर्स लागतेच.

एका वर्षाची पदवी घ्यावी की दोन वर्षांची?

एका वर्षात राहण्याचा खर्च वाचतो, नोकरीतली खंड कमी पडते. पण त्या वर्षाचा हिशेब कागदावर मांडून पाहा. सप्टेंबरअखेर वर्ग सुरू होतात. ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरतीचे अर्ज त्याच शरद ऋतूत उघडतात आणि बरेचसे वर्ष संपण्याआधी बंदही होतात. म्हणजे शहर अजून ओळखीचं व्हायचं असतं, पहिली असाइनमेंट द्यायची असते, आणि तेव्हाच पुढच्या वर्षीच्या नोकरीसाठी अर्ज करायचे असतात. वसंतात प्रबंधाचा विषय ठरतो आणि उन्हाळा लिहिण्यात जातो. इंटर्नशिपला जागाच उरत नाही.

युरोपात पदव्यांची रचना सारखी करणाऱ्या १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर वर्षाला ६० क्रेडिट (ब्रिटनच्या १८० क्रेडिटांपेक्षा वेगळ्या मापाची) ही पद्धत रुजली आणि १२० क्रेडिटची दोन वर्षांची मास्टर्स तिथे सर्रास दिसते. दोन वर्षांत एक उन्हाळा मोकळा मिळतो, स्थानिक भाषा शिकता येते, चुकलेला विषय दुरुस्त करता येतो. विषय बदलून येणाऱ्यांनी दोन वर्षंच घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे त्याच क्षेत्रातला कामाचा अनुभव आहे आणि नेमकं काय हवं ते ठाऊक आहे, त्यांना एक वर्ष पुरतं.

रँकिंगवर किती विसंबावं?

रँकिंग काय मोजतं ते आधी पाहा. क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत २०२४च्या आवृत्तीपासून ३० टक्के गुण प्राध्यापकांच्या मतचाचणीला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतचाचणीला आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मी क्रमवारी लौकिकावर उभी आहे. २००३ पासून निघणारी शांघाय क्रमवारी नोबेल पारितोषिकं आणि गणितातली फील्ड्स पदकं मोजते. तुमच्या मास्टर्सच्या वर्गात किती जण असतील, प्रबंधाला गाईड किती वेळ देईल, निवडायचे विषय खरोखर दरवर्षी शिकवले जातात का, यातलं काहीही या आकड्यांत नाही.

त्यापेक्षा अभ्यासक्रमाचं हँडबुक शोधून काढा. बऱ्याच विभागांचं ते सगळ्यांना पाहता येतं. मग सध्या शिकत असलेल्या दोघा-तिघांना लिहा आणि त्यांना नेमकं विचारा: गाईड कसा ठरतो? गेल्या वर्षी कोणते विषय रद्द झाले? तुमच्या वर्गातले लोक आता काय करतात? ‘विद्यापीठ कसं आहे?’ असं विचाराल तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर मिळेल.

एजंटकडून अर्ज करावा का?

फुकट सेवा देणाऱ्या बहुतेक एजंटांना विद्यापीठाकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं. त्यात बेकायदा काही नाही, पण त्यांची यादी त्यामुळे कमिशन देणाऱ्या विद्यापीठांपुरती राहते. विद्यापीठांची यादी स्वतः करा आणि एजंटकडे गेलातच तर फक्त कागदपत्रांसाठी जा. अर्जातला ईमेल पत्ता आणि पासवर्ड तुमच्याच हातात हवेत. यावर तडजोड करू नका.

प्राध्यापकांना आधी ईमेल करायचा का?

टॉट मास्टर्ससाठी गरज नाही; तिथे निर्णय प्रवेश समिती घेते. रिसर्च मास्टर्स आणि पीएचडीसाठी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपात बहुतेक ठिकाणी हा ईमेल हाच खरा अर्ज असतो. अमेरिकेत विभागागणिक फरक आहे: काही विभाग स्पष्ट लिहितात की आधी संपर्क करू नका, काही ठिकाणी गाईडने होकार दिल्याशिवाय प्रवेश मिळत नाही.

ईमेल दीडदोनशे शब्दांचा ठेवा. त्यांचा एखादा अलीकडचा शोधनिबंध खरोखर वाचा आणि त्यातला तुम्हाला पुढे न्यावासा वाटणारा प्रश्न एका-दोन वाक्यांत मांडा. तुम्ही काय केलं आहे ते तेवढ्याच जागेत सांगा. पुढच्या सत्रासाठी विद्यार्थी घेणार आहात का, असं सरळ विचारा. सीव्ही जोडा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. उत्तर न येण्यामागे बहुधा भरलेला इनबॉक्स असतो, तुमच्याबद्दलचं मत नसतं.

एसओपीमध्ये (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र) काय लिहावं?

लहानपणापासून या विषयाची आवड होती, या वाक्याने सुरुवात करू नका. समितीने ते त्याच दिवशी अनेकदा वाचलेलं असतं. तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे, त्यासाठी आतापर्यंत काय केलंत, काय कमी पडतंय आणि ते या अभ्यासक्रमातल्या कोणत्या गोष्टीतून भरून निघेल, या क्रमाने लिहा. कमी पडणारी गोष्ट सांगायला बिचकू नका. सगळं येतं म्हणणाऱ्याला प्रवेशाची गरजच काय, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच. एका सत्रात गुण घसरले असतील तर दोन वाक्यांत कारण द्या आणि पुढे जा. विद्यापीठाचं नाव बदलूनही जी एसओपी तशीच चालते, ती पुन्हा लिहायला घ्या.

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या व्यक्तीचं हवं का?

नाही. तुमचं काम जवळून पाहिलेल्या साहाय्यक प्राध्यापकाचं तपशीलवार पत्र हे नावापुरतं ओळखणाऱ्या विभागप्रमुखाच्या चार ओळींपेक्षा कितीतरी मोलाचं असतं. निदान सहा आठवडे आधी विचारा. सोबत तुमची एसओपी, गुणपत्रक, त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाची आठवण करून देणारा परिच्छेद आणि सगळ्या शेवटच्या तारखा एकाच कागदावर द्या. ‘तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो,’ असं कोणी म्हणालं तर दुसरी व्यक्ती शोधा. अशी पत्रं एकाच हातची वाटतात आणि अनुभवी वाचकाला ते लगेच कळतं.

आयईएलटीएस, टोफेल, जीआरई: यातलं काय लागतं?

इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी लागते. आयईएलटीएस आणि टोफेल दोन्हींचा निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो, म्हणून फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही. आयईएलटीएसचा एकूण बँड (गुणांक) पुरेसा असूनही एखाद्या विभागात, विशेषतः लेखनात, अर्धा बँड कमी पडल्याने प्रवेश अडतो. अटी वाचताना प्रत्येक विभागाची किमान मर्यादा पाहा. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची क्षमता चाचणी सप्टेंबर २०२३ पासून जवळपास दोन तासांची झाली आहे आणि तिचा निकाल पाच वर्षं चालतो. अमेरिकेतल्या अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली किंवा काढून टाकली. हा निर्णय बऱ्याचदा विभागाचा असतो, त्यामुळे विभागाचंच पान पाहा.

माझे गुण तिथल्या पद्धतीत कसे दिसतील?

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्ण होण्याची सीमा आहे. अमेरिकेत उलट, ४.० सर्वोच्च. ब्रिटनमधल्या मास्टर्समध्ये साधारणपणे ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन मिळतं. तिथल्या निबंधाला ६८ मिळाले तर ते चांगले गुण आहेत. पहिला निकाल पाहून खचणारे हुशार विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांनी हे आधी वाचलेलं असतं तर दोन आठवड्यांची झोप वाचली असती.

पैशाची सोय कुठून होते?

मास्टर्स आणि पीएचडी यांची इथे फारकत करा. विज्ञान-अभियांत्रिकीतल्या पीएचडीसाठी स्वतःच्या खिशातून फी भरायची वेळ सहसा येऊ नये. अमेरिकेत पीएचडीला टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमधून फी माफ होते आणि मासिक भत्ता मिळतो. जर्मनी, नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियात पीएचडी म्हणजे बहुधा करारावरची पगारी नोकरी असते आणि तिची जाहिरात निघते. फंडिंगशिवाय पीएचडीचं पत्र आलं तर ते स्वीकारण्यापूर्वी दहादा विचार करा.

मास्टर्सला पैसा कमी आणि स्पर्धा जास्त. नावाजलेल्या योजनांमध्ये १९४६ पासूनची अमेरिकेची फुलब्राइट, १९२५ साली स्थापन झालेल्या डाड या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्त्या, ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग आणि किमान दोन देशांत शिकवणारी युरोपीय संघाची इरास्मस मुंडस या आहेत. यांच्या तारखा फसव्या असतात. चिव्हनिंगचे अर्ज ऑगस्टच्या सुमारास उघडतात आणि ऑक्टोबरात बंद होतात, तेही पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी. म्हणजे विद्यापीठाच्या अर्जाआधी शिष्यवृत्तीचा अर्ज येतो. अटीही वाचा: चिव्हनिंगला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याचं बंधन असतं. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर येणाऱ्या फुलब्राइट विद्यार्थ्यांनाही असंच दोन वर्षांचं बंधन लागू होतं.

अमेरिकेतल्या विद्यापीठाने भत्त्यासह जागा देऊ केली आणि लगेच होकार मागितला, तर १५ एप्रिलचा ठराव आठवा. ‘काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’च्या या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी त्या तारखेपर्यंत मुदत देतात. आणि हो, भत्ता वाढवून किंवा फी कमी करून मागता येते. दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र हातात असेल तर नम्रपणे विचारा. नकार मिळाला तरी जागा जात नाही.

व्हिसासाठी पैसे दाखवताना काय काळजी घ्यायची?

प्रत्येक देशाचा कागद वेगळा: ब्रिटनमध्ये सीएएस, अमेरिकेत आय-२० (दोन्ही म्हणजे विद्यापीठाने दिलेली प्रवेशाची पुष्टी), कॅनडात प्रवेशपत्र; तिथे सोबत लागणारं प्रांताचं साक्षांकन पत्र सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्स-पीएचडीला २०२५ अखेरपर्यंतच लागत होतं. पैशाच्या नियमात वेळेची मेख असते. ब्रिटनमध्ये रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्या कालावधीचा शेवट अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. त्यात एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाची रक्कम ठेवतात आणि दरमहा ठरावीक पैसेच काढता येतात. काही तंत्रज्ञान विषयांना ब्रिटनमध्ये अनेक देशांच्या नागरिकांसाठी एटास नावाची वेगळी परवानगी लागते आणि तिला अनेक आठवडे जातात. प्रवेशपत्रात तिचा उल्लेख असेल तर त्याच दिवशी अर्ज करा.

जोडीदाराला सोबत नेता येईल का?

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून टॉट मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही. पीएचडी आणि संशोधनाच्या पदव्यांना येतं. अमेरिकेत एफ-२ व्हिसावर जोडीदार राहू शकतो, नोकरी करू शकत नाही. दोघांचं करिअर असेल तर देश निवडतानाच हा मुद्दा घ्या.

शिकताना किती तास काम करता येतं?

अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास. ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या विद्यार्थ्यांना सत्रात २० तास. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर २४ तास. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, रिसर्च मास्टर्स आणि पीएचडीला ही मर्यादा नाही. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस.

ब्रिटनमधल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांची एका ठिकाणी हमखास गफलत होते. उन्हाळ्यात वर्ग संपले म्हणजे सुट्टी, असं वाटतं. पण प्रबंधाचे महिने सत्रातच धरले जातात आणि २० तासांची मर्यादा तेव्हाही लागू असते. तिथे स्टुडंट व्हिसावर फ्रीलान्स कामही चालत नाही, मग पैसे कुठल्याही देशातून येवोत. तास ओलांडल्यास पुढचा व्हिसा धोक्यात येतो. मालक म्हणाला ‘चालतं’, म्हणून चालत नाही. शंका असेल तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पार्ट-टाइम कामातून किरकोळ खर्च निघतो. त्यावर फी भरण्याचा बेत आखू नका.

घर कधी शोधायचं?

प्रवेशपत्र आल्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. नेदरलँड्समधल्या काही विद्यापीठांनी तर घर मिळालं नसेल तर येऊच नका, असं नव्या विद्यार्थ्यांना कळवलं होतं. खोली प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, आज अनामत भरा, ही गोष्ट सगळ्या शहरांत सारखीच ऐकू येते आणि ती फसवणूकच असते.

जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. करआयडी आणि निवास परवाना त्या नोंदणीवर अवलंबून असतात. नोंदणी करू न देणारी स्वस्त खोली शेवटी फार महाग पडते.

आजारी पडलो तर?

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे नाव नोंदवा, ठणठणीत असताना. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, तरी स्थानिक जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी तुम्हालाच करावी लागते. अमेरिकेत विमा असूनही ठरावीक रक्कम आधी स्वतः भरावी लागते. कोणतं रुग्णालय तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे, ते आजारी पडण्यापूर्वी बघून ठेवा. जर्मनीत सरकारी विद्यार्थी विम्याचा सवलतीचा दर साधारण वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो.

वर्गात सगळे बोलतात, मी गप्प बसतो. काय करू?

सेमिनारमध्ये बोलणारे सगळे वाचून आलेले असतात असं नाही. त्यांना अर्धवट विचार मोठ्याने मांडायची सवय असते, इतकंच. एक उपाय खरोखर उपयोगी पडतो: वर्गाला जाण्यापूर्वी वाचनातला एक न पटलेला मुद्दा लिहून न्या आणि पहिल्या पंधरा मिनिटांत तो बोला. जितका उशीर कराल तितकं तोंड उघडणं जड होतं.

वाचनाचा ढीग पाहून घाबरू नका. दिलेलं सगळं शब्दन्‌शब्द कोणी वाचत नाही. शोधनिबंधाचा सारांश, प्रस्तावना, निष्कर्ष आधी वाचा, मग ठरवा. आणि प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा. तो वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेला असतो आणि कित्येकदा प्राध्यापक त्या तासात एकटेच बसलेले असतात.

वाङ्मयचौर्य नेमकं कशाला म्हणतात? एआय वापरलं तर चालतं का?

दुसऱ्याचे शब्द अवतरणाशिवाय घेणं, शब्द बदलून विचार घेणं आणि स्रोत न देणं, स्वतःचीच जुनी असाइनमेंट पुन्हा देणं, एकट्याने करायचं काम मित्रासोबत मिळून करणं, हे सगळं त्यात येतं. मजकुरातलं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सिमिलॅरिटीचा आकडा कमी आला म्हणून सुटलो असं नाही, आणि जास्त आला म्हणजे चोरीच असंही नाही. माणूस तो अहवाल वाचून ठरवतो.

एआयबद्दल प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असू शकतो. एका असाइनमेंटला परवानगी आणि दुसरीला बंदी, तीही एकाच सत्रात. हँडबुकमध्ये सापडलं नाही तर प्राध्यापकांना लेखी विचारा. मसुदे, टिपणं आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवा. आरोप झालाच तर काम तुमचंच असल्याचा पुरावा त्यातून मिळतो. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांपासून लांब राहा. इंग्लंडमध्ये २०२२च्या कायद्याने अशी सेवा विकणं गुन्हा ठरलं आहे, आणि हे लोक नंतर विद्यार्थ्याला ब्लॅकमेल करतात अशी उदाहरणं आहेत.

गाईडशी कसं वागावं?

बाकी सगळं जमलं आणि हे बिघडलं तर वर्षं वाया जातात, म्हणून यावर थोडं सविस्तर.

पहिल्याच भेटीत चार गोष्टी विचारून घ्या. किती दिवसांनी भेटायचं? मसुदा पाठवल्यावर अभिप्राय किती दिवसांत मिळेल? तुम्ही रजेवर किंवा परिषदेला कधी असाल? यातून शोधनिबंध निघाला तर लेखकांचा क्रम कसा ठरेल? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण काम झाल्यावर तो कितीतरी जास्त अवघड होतो.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी छोटा ईमेल पाठवा: आज काय ठरलं, मी काय करणार, पुढची भेट कधी. गाईडही माणूस आहे, तीन आठवड्यांपूर्वी काय सुचवलं ते विसरतो. असा ईमेल असला की दिशा बदलली तरी वाद होत नाही. भेटीला जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी मसुदा पाठवा आणि तो वाचताना काय पाहायचं तेही लिहा. ‘कसं वाटतंय बघा’ म्हणून चाळीस पानं पाठवली तर अभिप्रायही तितकाच मोघम येतो. ‘तिसऱ्या प्रकरणातला युक्तिवाद टिकतो का?’ असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं.

काम झालं नाही म्हणून भेट टाळणं ही सगळ्यात घातक सवय. एक भेट टळली की लाज वाटते, लाज वाटली की दुसरीही टळते, आणि मग महिनाभर ईमेलला उत्तर दिलं जात नाही. रिकाम्या हाताने जा आणि कुठे अडलंय ते सांगा. त्यासाठीच ती भेट असते.

संबंध खरोखर बिघडले असतील, अपमान होत असेल, अभिप्राय महिनोन्‌महिने येत नसेल, तर तारखांसह नोंद ठेवा. सहगाईड, मग विभागातला पदव्युत्तर समन्वयक, मग विद्यार्थी संघटनेचा सल्लागार किंवा ओम्बड्सपर्सन (तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी), असा मार्ग बहुतेक विद्यापीठांत असतो. गाईड बदलता येतो. पहिल्या वर्षात बदलणं तुलनेने सोपं असतं. तिसऱ्या वर्षात अर्धं काम सोडून द्यावं लागतं. व्हिसा जाईल या भीतीने अनेक जण सहन करत राहतात. गाईड बदलल्याने सहसा व्हिसा जात नाही, नोंदणी रद्द झाली तर जातो. ही भीती मनात असेल तर तक्रारीआधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये गोपनीय सल्ला घ्या.

प्राध्यापकांना नावाने हाक मारायची?

ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये बहुधा हो; जर्मनीत आडनाव आणि पदवी. पहिल्या ईमेलमध्ये औपचारिक राहा आणि उत्तराखाली ते काय सही करतात ते पाहा.

खूप एकटं वाटतं, अभ्यासात मन लागत नाही. हे कोणाला सांगायचं?

सांगा, आणि आजच सांगा. विद्यापीठाच्या समुपदेशन सेवेत नाव नोंदवा. प्रतीक्षायादी असते, म्हणून बरं वाटेल अशी वाट पाहत थांबू नका. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनेकांना जड जातो. दिवसाउजेडी बाहेर पडणं आणि आठवड्यातून एकदा तरी अभ्यासाशी संबंध नसलेल्या माणसांत जाणं, याने खरंच फरक पडतो.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. आजारपण, घरातला मृत्यू, मानसिक त्रास यासाठी बहुतेक विद्यापीठं मुदतवाढ किंवा पुन्हा परीक्षेची संधी देतात, पण अर्ज शेवटच्या तारखेच्या आधी किंवा अगदी लगेच नंतर करावा लागतो. निकाल लागल्यावर ‘मला तेव्हा बरं नव्हतं’ हे क्वचितच ऐकून घेतलं जातं. डॉक्टरचं पत्र तेव्हाच घ्या. सत्र सोडून विश्रांती घ्यायची असेल तरी चालतं, पण आधी व्हिसाचं विचारा. काही देशांत रजेच्या काळात देश सोडावा लागतो.

शिक्षण संपल्यावर तिथे राहता येतं का?

अमेरिकेत ओपीटीमध्ये (शिकलेल्या विषयात काम करण्याची विद्यार्थी व्हिसावरची परवानगी) १२ महिने काम करता येतं, पात्र स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना त्यावर २४ महिने वाढ मिळते. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. पहिल्या बारा महिन्यांत बेकारीचे एकूण ९० दिवस भरले की मुक्काम अडचणीत येतो. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसा मास्टर्सनंतर दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचा होईल. पीएचडीला तीन वर्षंच. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

हे सगळे काम शोधण्याचे परवाने आहेत, नोकरीची हमी नव्हेत. जर्मनीत अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी बऱ्याच नोकऱ्यांना जर्मन लागतं, आणि ते शेवटच्या सहा महिन्यांत येत नाही. पहिल्या सत्रापासून भाषेच्या वर्गाला जा. विद्यापीठात तो अनेकदा फुकट असतो.

शिक्षण संपवून तिथून निघण्यापूर्वी काय काय उरकायचं?

सीलबंद आणि डिजिटल, दोन्ही प्रकारची गुणपत्रकं घ्या. पदवी दुसऱ्या देशात वापरायची असेल तर अपोस्टील (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरलं जावं म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण) तिथे असतानाच करून घ्या. नंतर दुरून करणं वेळखाऊ आणि खर्चिक असतं. अभ्यासक्रमाचा तपशीलवार आराखडा जपून ठेवा, समकक्षतेसाठी तोच मागतात. घराची अनामत, कराचा परतावा, काही देशांत पगारातून कापलेला पेन्शनचा हिस्सा, यांचे अर्ज करा. बँक खातं परतावे जमा होईपर्यंत बंद करू नका. विद्यापीठाचा ईमेल काही महिन्यांत बंद होतो, म्हणून त्यावर उघडलेली सगळी खाती आधी स्वतःच्या पत्त्यावर वळवा आणि गाईडला नवा पत्ता कळवा. पुढची शिफारसपत्रं त्यांच्याकडूनच लागणार आहेत.